कल बघायला भोपाळला

सगळं बदललं ते एका पोल्ट्रीच्या पत्र्यावर. सावनेरच्या अलीकडे एका शेडवर मी पॅनेलचे क्लॅम्प आवळत बसलो होतो. खाली कोंबड्यांचा गोंधळ, वर मार्चचं ऊन, आणि खिशातला फोन वाजला. केतकी. वर्षभराने ते नाव स्क्रीनवर दिसलं. पाना काखेत दाबून मी फोन कानाला लावला.

"सौरभ, ऐक ना. आमच्या छतावरचं सोलर बिघडलंय. तू आता हेच काम करतोस ना?" पुढचं वाऱ्याने खाल्लं. मग एक वाक्य मात्र स्वच्छ ऐकू आलं. "कल बघायला ये ना."

आणि रेंज गेली. परत लावला, लागला नाही. लागला असता तरी मी काय विचारणार होतो? 'उद्या ये' म्हणाली होती. एवढं पुरे होतं.

नेहमीच्या वाचकांना इथे बाईकची भटकंती आणि मधूनमधून सोलरचं ज्ञान अशी भेळ वाचायची सवय आहे. या वेळी दोन्ही एकाच पोस्टमध्ये आहे. रस्ता हवा असेल त्यांना रस्ता मिळेल, छतावर पॅनेल असतील त्यांना चार कामाच्या गोष्टी मिळतील. बाकीचं मी माझ्यासाठी लिहितोय.

केतकी आणि मी नागपूरला एकाच कॉलेजात, इलेक्ट्रिकलला होतो. ती भोपाळची मराठी. वडील तिथल्या मोठ्या कारखान्यात टेक्निशियन होते, नोकरीसाठी पुण्याकडून गेले ते तिथलेच झाले. घरात पुस्तकातल्यासारखं मराठी, गल्लीत अस्सल हिंदी, आणि माझ्याशी बोलताना दोन्हीची खिचडी. 'कल भेटू', 'कल सांगते' हे तिचं रोजचं. मी तिसऱ्या वर्षी एका सरांशी भांडून कॉलेजला रामराम ठोकला. ती पदवी घेऊन घरी परतली, कारण तिच्या वडिलांची, माझ्या काकांची, फुप्फुसं कडक होत चालली होती. जाताना स्टेशनवर म्हणाली, "बाबांचं जरा सावरू दे." त्या वाक्यावर मी वर्ष काढलं. म्हणून 'कल बघायला ये' ऐकल्यावर मला वाटलं, सावरलं. बोलावलं.

पोल्ट्रीवाल्याला म्हटलं, उरलेलं काम पुढच्या आठवड्यात. तो काहीतरी ओरडला. मीही ओरडलो. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत बाईक काढली.

रस्ता

नागपूर ते भोपाळ साधारण साडेतीनशे किलोमीटर. सावनेर, पांढुर्णा, मुलताई, बैतूल, इटारसी, नर्मदापुरम आणि मग भोपाळ. बैतूलपर्यंत रस्ता मस्त, बाईकला टोल नाही. पुढे जंगलाच्या पट्ट्यात काम चालू असेल तर धूळ खायची तयारी ठेवा. टाकी बैतूललाच फुल करून घ्या. माझ्या पाठीवर कपड्यांपेक्षा अवजारंच जास्त होती: मल्टिमीटर, पाने, ओळंबा, वायरींचे सुटे जोड.

मुलताईला तापीचं उगमकुंड आहे, रस्त्यापासून अगदी जवळ. मी कुंडावर न जाता टपरीवर चहाला थांबलो. टपरीवाल्याने माझ्या पिशवीतून बाहेर आलेली लाल-काळी वायर पाहिली.

"सोलरवाले हो क्या?"

"हो."

"हमारे साले साहब ने लगवाया. लाइट जाती है तो वो भी चला जाता है. ऊपर सूरज, नीचे अँधेरा! ऐसा धोखा?"

धोका नाही हो, पण विकताना हे कुणी धड सांगत नाही. तुमच्याकडे वीज कंपनीच्या लाईनला जोडलेलं, बॅटरीशिवायचं सोलर असेल, तर लाईन गेली की ते मुद्दाम स्वतःला बंद करून घेतं. नाहीतर खांबावर चढलेल्या माणसाला तुमच्या छतावरून शॉक बसेल. बिल कमी करणारं सोलर वेगळं, अंधारात उजेड देणारं वेगळं. घ्यायच्या आधी आपल्याला नेमकं काय हवंय ते ठरवा. टपरीवाल्याला एवढं सांगितलं तर म्हणाला, "मतलब सूरज भी सरकारी नौकर है." चहाचे पैसे घेतले नाहीत.

बैतूलला पोहे-जिलबी खा, तीस-चाळीस रुपयांत दुपारपर्यंत भूक लागत नाही. पुढे बरेठा घाट. मार्चमध्ये गेलात तर सागाची झाडं उघडी पडलेली असतात आणि मधेच पळस पेटलेला. फोनला रेंज नसते. घाटात एकटा असताना मी मोठमोठ्याने बोलण्याची तालीम केली. आधी काय म्हणायचं, ती हसली तर काय, रडली तर काय. हेल्मेटच्या आत माणूस फार हुशार असतो.

नर्मदेच्या पुलावर लोक नाणं टाकतात. मीही बाजूला थांबलो. खिशात नाणं नव्हतं, पोल्ट्रीवरचा एक वॉशर निघाला. तोच टाकला आणि मागायचं ते मागितलं.

भोपाळला मंडीदीपकडून येताना शहरात घुसू नका. 'अकरा मैल' नावाच्या नाक्यावरून बायपास धरला की गर्दी टाळून थेट अयोध्या नगरकडे पोचता. दुपार कलायला लागली तेव्हा मी त्यांच्या दारात होतो.

कल

केतकीनं दार उघडलं. हाताला कणीक लागलेली. वाळलीय, हे पहिलं दिसलं.

"तू? आज?"

"तूच म्हणालीस."

"मी कधी?"

"कल बघायला ये म्हणालीस. आज कल आहे."

 तिने कणकेचा हात कपाळावर मारला. "अरे वेड्या, कल! कल रे! पॅनेलचा कल! वादळात पॅनेल आडवी पडलीत, त्यांचा उतार बिघडलाय. बाबा त्याला कल म्हणतात. पावसाच्या आधी सवडीनं येऊन बघ, असं म्हणत होते मी!"

आतून काकूंचा आवाज आला. "कोण आहे गं?"

"सौरभ आहे, आई. नागपूरहून आलाय. कल बघायला."

"अगोबाई! अगं, कालच तर फोन केलास!"

केतकी हसायला लागली, काकूही आतून हसल्या, मीही हसलो. हेल्मेट अजून डोक्यातच होतं, ते बरं झालं.

पुढच्या खोलीत काका खाटेवर होते. नाकाला नळी, खाटेशेजारी हवेतून ऑक्सिजन काढणारं मशिन घरघरत होतं. लहान फ्रीजएवढं. समोर टीव्हीवर मॅच. काकांना दोन शब्दांमागे श्वास घ्यावा लागत होता.

"ये. नावातच... सौर आहे... याच्या. कॉलेजात... काय ठेवलं होतं?"

"कॉलेज सोडल्याचे पेढे नाही आले हो आमच्याकडे," काकू पाण्याचा पेला पुढे करत म्हणाल्या. टोमणा होता, पण पाण्याबरोबर गुळाचा खडा होता.

मी छतावर गेलो. अख्खं आयुष्य बदलायला आलो होतो आणि हातात पाना होता. ठीक आहे, पाना तर पाना.

छतावर पॅनेल असणाऱ्यांनी हे वाचा. पॅनेलचं तोंड दक्षिणेला हवं आणि कल साधारण तुमच्या गावाच्या अक्षांशाएवढा. भोपाळला तेवीस अंशांच्या आसपास. यांच्या मागच्या पायांचे बोल्ट गेल्या उन्हाळ्यातल्या वादळात सरकले होते, त्यामुळे पॅनेल जवळजवळ आडवी झाली होती. आडव्या पॅनेलवरून पावसाचं पाणी वाहून जात नाही. धूळ आणि कबुतरांची घाण खालच्या कडेला साचते आणि तिची खपली धरते. धुवायचं तर सकाळी धुवा. दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी टाकलंत तर काच तडकू शकते. आणि ऊन असताना वायरींचे जोड कधीही ओढून काढू नका. आधी पॅनेलकडून येणारा खटका पाडायचा, मगच हात लावायचा. खाली लाईट गेली म्हणजे वरचा करंट गेला असं नसतं. वर सूर्य आहे तोवर पॅनेल जिवंत असतं.

मी बोल्ट सैल करत होतो तेवढ्यात खालून लांबलचक शिटीसारखा आवाज आला. जिन्यावरून डोकावलो. लाईट गेली होती. मशिन ओरडत होतं. केतकी स्वयंपाकघरातून धावत आली, खाटेखालचा सिलिंडर ओढला, वरची चावी फिरवली, काकांची नळी मशिनमधून काढून सिलिंडरला लावली, मशिनचं बटण दाबून ते गप्प केलं. मग खुर्ची ओढून काकांजवळ बसली. हे सगळं तिने रोजच्या सवयीने केलं. आत काका काहीतरी बोलायला लागले होते. माझं तिकडे लक्ष नव्हतं. माझं लक्ष तिच्या हातांवर होतं.

लाईट आल्यावर ती वर आली. मी विचारलं, "घरात इन्व्हर्टर आहे ना?"

"आहे, जुना. त्यावर मशिन लावलं की ते कण्हतं आणि दिवा लाल होतो. म्हणून साध्या प्लगवर लावलंय."

"आणि लाईट गेली की तू."

"आणि लाईट गेली की मी. आईला सिलिंडरची चावी फिरत नाही, गुडघे धरलेत तिचे."

"म्हणजे तू घराबाहेर पडतच नाहीस?"

"कोपऱ्यापर्यंत जाते की. दूध आणायला."

मला तिथेच सगळं लख्ख कळलं. निदान तसं वाटलं. ही मुलगी इथे अडकलीय ती एका प्लगला. 'बाबांचं सावरू दे' म्हणजे हेच. लाईट गेल्यावर मशिन आपोआप चालू राहिलं, तर ती मोकळी. मला बोलून काही सिद्ध करायचं नव्हतं, फक्त एक लाईन ओढायची होती. ते तर मला येतं!

शिवाजी नगर

मुक्कामाला मी शिवाजी नगरला मामाकडे गेलो. सरकारी क्वार्टर, दारात चिंचेचं झाड, मामा कारकून. अयोध्या नगरहून अर्ध्या तासाचा रस्ता. भोपाळला कमी खर्चात राहायचं असेल तर नातेवाईक शोधा, प्रत्येक मराठी कुटुंबाचा एक तरी असतोच.

"काय भाचेबुवा, छतावर चढलात म्हणे. घोड्यावर कधी?" मामाने ताटावरच विचारलं.

"मामा, पेन आहे?"

वर्तमानपत्राच्या कडेला मी आकडेमोड केली. ज्यांच्या घरी असं मशिन आहे त्यांच्यासाठी लिहितो. आधी मशिनच्या पाठीवर किती वॅट लिहिलेत ते बघा. यांचं साडेतीनशे. ते किती तास चालायला हवं त्याने गुणा. चार तास धरले तर चौदाशे. मग त्याच्या दुप्पट ताकदीची बॅटरी घ्या, कारण साधी पाण्याची बॅटरी अर्ध्याखाली उपसली की लवकर मरते. इन्व्हर्टर शुद्ध साइन वेव्हचाच हवा. जुन्या स्वस्त इन्व्हर्टरची वीज खडबडीत असते, पंखा चालवून घेतो, पण आत मोटर असलेलं मशिन तिच्यावर कण्हतं आणि तापतं. आणि हे सगळं करण्याआधी मशिन देणाऱ्याला आणि डॉक्टरांना विचारून घ्या. भरलेला सिलिंडर मात्र घरातून कधी हलवू नका. वायरमन कितीही प्रेमात असला तरी.

मामा कडेचे आकडे बघत म्हणाला, "एवढा हिशेब करतोस, परीक्षा का दिली नाहीस रे?" मी उठून हात धुतले.

जुनं शहर आणि शेजारची टाकी

दुसऱ्या दिवशी त्यांच्या इन्व्हर्टरच्या दोन जुन्या बॅटऱ्या रिक्षात घालून जुन्या शहरात गेलो. दुकानदाराने मला आधी सुलेमानी चहा दिला. दाट दुधाचा, आत मिठाची चिमूट. पहिला घोट विचित्र लागतो, तिसऱ्याला सवय होते. मग त्याने बॅटऱ्यांना मीटर लावलं आणि अस्सल भोपाळी हाक घातली.

"को खां, एक तो चल बसी. दूसरी का भी बुलावा आया समझो."

काकू फोनवर होत्या. त्यांना एकच बदलायची होती, एक तर चालतेय ना! मी समजावून थकलो. दुकानदाराने माझ्या हातातून फोन घेतला. "अम्मां, बूढ़े बैल के साथ बछड़ा जोतोगी? दोनों मरेंगे." काकू म्हणाल्या, दोन्ही घे बाबा. ही खरी गोष्ट आहे, लक्षात ठेवा: जोडीतली जुनी बॅटरी नवीला घेऊन बुडते.

दुपारी कल नीट करून पाहिला तरी वीज हवी तेवढी येईना. मग दिसलं. शेजारच्या शर्माजींनी गच्चीवर उंच लोखंडी घोडीवर नवी पाण्याची टाकी चढवली होती, आणि दुपार उतरली की तिची सावली आमच्या शेवटच्या पॅनेलवर. एकावरच! पण पॅनेल एकामागे एक ओवलेली असतात. पंगतीत एक वाढपी अडला की मागची सगळी पानं रिकामी राहतात, तसं होतं.

मी कठड्यावरून हाक मारली. शर्माजी बनियनवर आले.

"टाकी सरकवा."

"काहे? टंकी हमारी, छत हमारी. सूरज का ठेका लिया है क्या तुमने?"

पुढचं मराठी मी इथे लिहीत नाही. कठडा ओलांडून माझा हात त्यांच्या बनियनपर्यंत पोचला होता तेव्हा केतकी वर आली. तिने माझं मनगट धरलं. वर्षभराने पहिला स्पर्श, तोही असा.

"अंकल, टंकी वहीं रहने दीजिए. हम अपनी प्लेट हटा लेंगे. ये नागपुर का है, धूप लग गई इसे."

शर्माजी निवळले. "बिटिया, पापा की तबियत कैसी है?" म्हणाले. ती "वैसी ही" म्हणाली. मग आम्ही दोघांनी शेवटचं पॅनेल उचलून जिन्याच्या पूर्वेकडच्या मोकळ्या जागेत नेलं. एका बाजूला ती, एका बाजूला मी, मधे आकाश दिसणारी काच. सावली हटवता येत नसेल तर पॅनेल हटवा. भांडणाने विजेचं एक युनिटही वाढत नाही, मी करून पाहिलंय.

संध्याकाळपर्यंत त्याच दुकानातून आणलेला साइन वेव्हचा नवा इन्व्हर्टर बसवला आणि नवी लाईन ओढली. मशिनला वेगळी वायर दिली, न्यूट्रल म्हणजे परतीची तारसुद्धा वेगळी. घरच्या न्यूट्रलमध्ये मिसळली की नाहक खटके पडतात. इन्व्हर्टरच्या पाठीमागे एक छोटा स्विच असतो, तो यूपीएसवर ठेवला, म्हणजे लाईट गेल्यावर मशिनला पत्ताही लागत नाही. आणि हात सैल सोडून त्याच लाईनवर आणखीही दिलं. हॉलची ट्यूब दिली, पंखा दिला, टीव्ही दिला. काकांची मॅच बुडायला नको.

मग मेन स्विच पाडला. फ्रीज थांबला. बाहेरची बेल मेली. मशिन घरघरत राहिलं. टीव्हीवर गोलंदाज धावत येत होता, तो धावतच राहिला. काकूंनी मशिनला हात जोडले. काकांनी अंगठा वर केला. केतकी सिलिंडरच्या चावीवर हात ठेवून उभी होती. हात तिथून काढायला तिला वेळ लागला.

बिट्टन मार्केट

"चल, बाहेर," मी म्हटलं. "मशिनला आता तू लागत नाहीस."

काकूंनीच तिला ढकललं. बिट्टन मार्केटला भाजीचा बाजार भरला होता. भोपाळला गेलात तर हा बाजार चुकवू नका. दिवे लागल्यावर गेलात तर भाव उतरलेले असतात, मटार अजून गोड असतो, आणि कोपऱ्यावर गरम भजी मिळतात. केतकी वर्षाने बाजारात आली होती, पण बघत होती फोनकडे. पालकाच्या ढिगाजवळ तिने घरी फोन लावला.

"आई, ठीक ना? ...कधी? ...आणि मशिन?" तिने फोन खाली घेतला. "लाईट जाऊन आली म्हणे. आईला कळलंसुद्धा नाही."

मला नाचावंसं वाटलं. घाटातली सगळी तालीम मी विसरलो. म्हटलं, "बघ! मोकळी झालीस तू. आता चल ना माझ्याबरोबर. लगेच नाही म्हणत. महिन्याने, दोन महिन्यांनी. नागपूरला कामं खूप आहेत, दोघं मिळून करू."

ती मटार निवडत होती. निवडतच राहिली.

"तुला वाटलं मी त्या प्लगला अडकले होते?"

"मग?"

"सौरभ, लाईट गेली की टीव्ही बंद व्हायचा. मशिन बंद, पंखा बंद. घरात आवाजच नाही. आणि मग बाबा बोलायचे. तीस वर्षं हा माणूस कारखान्यातून यायचा, जेवायचा, बातम्या लावायचा. मला माहीतच नव्हतं की त्यांना पेटी वाजवता येते. आईला पहिल्यांदा कुठे पाहिलं, आजोबांशी का बोलणं टाकलं, सगळं मला लाईट गेलेली असताना कळलंय. थोडं थोडं. दम पुरेल तेवढं. मी धावत जायचे ना, ते नुसतं सिलिंडरसाठी नाही. माझ्यासाठीपण."

 काही सुचेना झालं की मी चिडतो. "म्हणजे मी केलं ते चुकलं?"

"नाही रे. मशिन चालायलाच हवं. रोज भीती वाटायची मला. आजपासून नाही वाटणार, ते तुझ्यामुळे. फक्त टीव्ही आणि ट्यूब त्या लाईनवरून काढ. लाईट गेली की ते जाऊ देत."

"आणि आपलं काय?" मी जरा जास्तच मोठ्याने विचारलं.

मटारवाला म्हणाला, "भैया, भाभी को गुस्सा मत दिलाओ. लो, धनिया फ्री ले जाओ."

केतकीनं कोथिंबीर घेतली, पिशवीत ठेवली. मग हळू आवाजात म्हणाली, "मी तुला 'थांब' म्हणाले नव्हते. 'बाबांचं सावरू दे' म्हणाले होते. बाबांचं सावरणार नाहीये, सौरभ. डॉक्टर केव्हाच बोललेत. आणि नंतरचंही मी तुझ्या नावावर ठेवलेलं नाही. तू वर्षभर थांबलास ते मला माहीतच नव्हतं. फोन तरी करायचास."

फोन का केला नाही? कारण सावरू द्यायचं होतं.

परत येताना बाईकवर तिने मधे भाजीची पिशवी ठेवली होती.

नागपूर

परतीचा रस्ता तोच, त्यामुळे नवीन सांगण्यासारखं नाही. इटारसीला टायर पंक्चर झाला आणि मी पंक्चरवाल्याशी भांडलो. पळस दोन दिवसांत संपत नाही, पण मला दिसला नाही. पोल्ट्रीवाल्याने दुसरा माणूस लावला होता.

घरी येऊन आठवडा झाला. काय उरलं? पाठ दुखते, ती जाईल. काकूंनी दिलेला लिंबाच्या लोणच्याचा डबा आहे, तो मी उघडलेला नाही. परवा काटोल रोडला एका घरी बॅकअपची लाईन ओढायला गेलो. घरमालक म्हणाले, सगळं घ्या त्याच्यावर, अगदी सगळं, लाईट गेलेली कळायलाच नको. मी म्हटलं, काका, काय घ्यायचं ते मी सांगतो, काय नाही घ्यायचं ते तुम्ही घरी एकदा बोलून घ्या. ते माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मला काम येत नाही. असेल. पण माझा सल्ला आता तोच आहे, आणि तो कुठल्याही कंपनीच्या पुस्तकात नाही.

निघायच्या सकाळचं लिहायचं टाळत होतो. तेही लिहून टाकतो.

सामान बाईकला बांधून मी त्यांच्याकडे गेलो. टीव्ही आणि ट्यूबची वायर नव्या लाईनवरून सोडवली, घरच्या लाईनला जोडली. काका बातम्या बघत होते. केतकी त्यांची औषधं डबीत भरत होती. काकू दारात उभ्या होत्या. आम्ही तिघंही असं वागत होतो की मी फक्त वायरमन आहे.

"एकदा तपासून बघतो," म्हटलं आणि मेन स्विच खाली ओढला.

टीव्ही गेला. ट्यूब गेली. मशिनची घरघर तेवढी राहिली, आणि वर फिरणारा पंखा. काकांनी रिमोट दोनदा दाबला, मग खाली ठेवला. खिडकीतून ऊन त्यांच्या चादरीवर आलं होतं. त्यांनी त्यावर हात ठेवला.

"केतू," ते म्हणाले. "तुझी आत्या... लहान असताना... विहिरीवर..."

केतकीच्या हातातली डबी तशीच राहिली. तिने खुर्ची ओढली आणि त्यांच्या तोंडाशी कान नेऊन बसली. "कुठली विहीर, बाबा?"

माझं काम झालं होतं. स्विच वर करायचा, सगळं परत चालू करायचं आणि निघायचं. माझा हात खटक्यावर होता. मी तो काढून घेतला. काकूंकडे पाहिलं आणि बोटाने खटका दाखवला. नंतर करा, सावकाश, असं. त्यांनी डोळे पुसत मान हलवली.

पाने गोळा केले. एकही वाजू दिला नाही. काका सांगत होते, केतकी हसत होती, आणि दोघांपैकी कुणीही माझ्याकडे पाहिलं नाही. मी बाहेर आलो आणि दार हळूच ओढून घेतलं.